रांजणगडचा शेवटचा सरनोबत

संयोगिता कुरणे मोडी वाचायची. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, तिच्या दोन खोल्या होत्या. वडील, म्हणजे आण्णा, सरकारी दफ्तरात कारकून होते. गल्लीतल्या पोरी सागरगोटे खेळत असायच्या तेव्हा त्यांनी हिला मोडीची वळणं गिरवायला बसवलं. आण्णा जाऊन आता तीन वर्षं झाली होती. जमिनीचे, वाटण्यांचे, वतनांचे जुने कागद घेऊन लोक तिच्याकडे येत आणि ती ते वाचून साध्या लिपीत उतरवून देई. तिनं लग्न केलं नव्हतं आणि त्याची तिला खंतही नव्हती. दुपारी जेवण झालं की खिडकीतलं ऊन टेबलावर सरकत येई, भिंगाखाली अक्षरं पाण्यातल्या मासोळीसारखी हलू लागत, आणि दीडशे वर्षांपूर्वी मेलेली माणसं तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागत. बहुतेक वेळा ती बांधावरून भांडत असत.

१९९८ च्या जानेवारीत अशाच एका दुपारी दार वाजलं. बाहेर एक उंच, वाळलेला माणूस उभा होता. पांढऱ्या मिशा, गळ्यात मफलर, आणि साठीतही पाठ भिंतीला लावून मोजावी इतकी ताठ. काखेत तांबड्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"मोडी वाचनाऱ्या बाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"मीच ती. या मामा, बसा. कुठनं आलासा?"

"चंदगडाकडनं. पेठवाडी. पहाटंची यष्टी धरली, तवा कुठं आत्ता पोचलो." तो खुर्चीवर बसला, पण टेकला नाही. "गुंडू सरनोबत. रिटायर नाईक, मराठा लाइट इन्फंट्री."

संयोगितानं पाणी दिलं. चहाचं विचारताना ती नेहमीच जरा थांबायची. दारावरची कुरणे ही पाटी आणि आतला बाबासाहेबांचा फोटो बघून 'आत्ताच घेतला' म्हणणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती.

"चहा घेणार?"

"इचारतासा काय? टाका की. साखर जरा जास्तीच."

चहा आला. गुंडूमामानं बशीत ओतला, फुंकर मारली, आणि मग मनात घोळवत आणलेलं बोलणं एका दमात सांगितलं. "आमचं आडनाव सरनोबत. गावाला वाटतं लई मोठा मान हाय. पर सरनोबत म्हंजे नेमकं कोन, ह्ये कुनालाच ठावं न्हाय. मी पंदरा वर्सं पलटणीत काढली. शिपाई झालो, लान्स नाईक झालो, नाईक झालो. दोन फिती. तितंच थांबलो. आनि माज्या पणज्याचा बा म्हनं सरनोबत! मधल्या पायऱ्या कुठं गेल्या, एवढंच मला बघायचं हाय."

संयोगिताला हसू आलं. "पायऱ्या गेल्या न्हाईत मामा. जिनाच काढून टाकला."

मग तिनं त्याला सांगितलं. नौबत म्हणजे पहारा, आणि पहाऱ्याचा मुख्य तो सरनोबत. स्वराज्याच्या सुरुवातीला सगळ्या घोडदळाचा एक सरनोबत असे आणि पायदळाचा वेगळा. राजाच्या खालोखाल फौज त्यांच्या शब्दावर हलायची. पुढं राज्याभिषेक झाला, पदांना संस्कृत नावं आली, आणि सगळ्यात वरचा सरनोबत सेनापती झाला. जुना शब्द मात्र मेला नाही, तो डोंगर चढून गडांवर जाऊन राहिला. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी असत. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे लिहिणं, आणि सरनोबताकडे माणसं. कुणाचा पहारा कुठल्या बुरुजावर, कोण आजारी, कोण रजेवर, ते सगळं त्यानं बघायचं. अठराशे चव्वेचाळीसला कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी बंड केलं. ते मोडल्यावर इंग्रजांनी गड रिकामे केले, तट पाडले. गडच नाही म्हटल्यावर सरनोबत तरी कशाचा राहणार? पद गेलं आणि आडनाव तेवढं उरलं.

गुंडूमामा ऐकत राहिला. बशीतला चहा गार होऊन वर साय धरली तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

"आमचा गोंदजी सरनोबत," तो म्हणाला, "त्याच सालचा. रांजणगडचा. इंग्रज आला तवा दरवाज्यात एकटा उभा ऱ्हायला आनि तितंच पडला. चौकटीच्या दगडावर तांबडा डाग हाय अजून. ल्हानपनापास्नं आमी त्येच्यावर कुकू टाकतोय." त्यानं गाठोडं टेबलावर ठेवलं. "माजा पुतन्या संग्राम, त्येनं गड राखायचं मंडळ काढलंय. येत्या दसऱ्याला दरवाज्यात फलक लावायचाय. कागदात लढाईची तारीख घावली तर बरं हुईल, म्हनला."

गाठोडं सोडून तो उठला, दाराशी गेला आणि चवड्यावर वळून म्हणाला, "घाई न्हाय. बेतानं वाचा. दीडशे वर्सं थांबलोयच की."

दीडशेभर कागद होते. हातकागद, कडा वाळवीनं कुरतडलेल्या, आणि घडी उलगडली की जुन्या धान्याच्या कोठीसारखा वास. सुरुवातीचे कागद सबनिसाच्या हातचे होते. झोकदार, पळतं अक्षर, एका दमात ओळ संपवणारं. ते गडाचे हजेरीपट होते. आधी हवालदार, मग सरनोबत, मग तटसरनोबत, मग बारगीर आणि शिपाई, मग गुरव, मग बेरड, आणि कागदाच्या तळाशी जागा उरेल तिथं मेटावरचे, म्हणजे गडाच्या वाटेवरच्या चौकीचे, महार. एकूण लोक एकसष्ट. महिन्यामागून महिना तोच पट. असा दहावा पट वाचताना संयोगिताला त्या माणसांच्या खोकण्याचे आवाज ओळखू यायला लागले.

मग अक्षर बदललं.

ती ते पान हातात घेऊन खिडकीशी गेली. सबनिसाचा हात इथं संपला होता. हे अक्षर जड होतं. बोरू कागदात रुतलेला, एकेक वळण थांबून थांबून काढलेलं, मोडीची ओळ मोडून प्रत्येक अक्षर वेगळं उभं केलेलं. ज्याच्या हाताला तलवारीची मूठ ठाऊक आणि बोरू ठाऊक नाही, अशा माणसानं लिहिलेलं. शके १७६६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष. ते पान लावायला तिला चार दिवस लागले.

'आज हुकमाप्रमाणे गड खाली केला. हवालदार आधीच उतरून गेले. लोक म्हणाले दार लावू. दारू भिजली, दाणा आठ दिवसांचा. दार लावून कोणास कोंडू. किल्ल्या म्या दिल्या. लोक एकसष्ट चढले होते, एकसष्ट उतरले. एकही मेला नाही. सबनीस म्हणाले, आता पट लिहिणे नाही. म्हणून म्या लिहितो.'

संयोगितानं ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खाली गल्लीत भांड्याला कल्हई लावणारा ओरडत गेला. ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं.

पुढचे सगळे कागद त्याच हातचे होते आणि ते अकरा वर्षं चालले होते. गड नव्हता, पगार नव्हता, पहारा नव्हता. तरी दर महिन्याच्या पहिल्या दिवशी गोंदजीनं पट लिहिला होता. लोक वाड्यावस्त्यांवर पांगले होते आणि हा त्यांच्या दारोदार जाऊन हजेरी घेत होता. 'धाकनाक, हजर. नातू झाला.' 'म्हालू गुरव, तापाने पडून. पेज पाठविली.' 'सटवा शिपाई, हजर. बोलत नाही.' 'रामा बेरड, गोव्याकडे उतरला. खबर नाही.' पुढच्या महिन्यात पुन्हा, 'रामा बेरड, खबर नाही.' अकरा वर्षं रामा बेरडाची खबर आली नाही, पण त्याचं नाव एकाही पटातून गळलं नव्हतं. माणूस मेला तर लिहिलेलं होतं, 'मयत. नाव काढले नाही.'

आणखी एक गोष्ट तिच्या फार उशिरा ध्यानात आली. सबनिसाच्या पटात महार सगळ्यात शेवटी होते. गोंदजीच्या पटात ते सगळ्यात आधी होते. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तो गडाच्या वाटेवरून खाली उतरायचा, आणि उतरताना पहिली लागायची ती महारांचीच वस्ती. माणूस ज्या क्रमानं चालला त्या क्रमानं लिहीत गेला. त्यात उपकार नव्हता की मोठेपणा नव्हता. संयोगितानं चष्मा काढून डोळे पुसले आणि आण्णांच्या फोटोकडे बघून उगाचच म्हणाली, "बघा, असंबी हुतं."

त्या उन्हाळ्यात ती दुपारी टेबलावरच डोकं टेकून झोपायची आणि तिला धुकं दिसायचं. धुक्यात उतरती वाट, आणि वाटेनं एक थोराड माणूस खांद्यावर घोंगडं टाकून खाली येत असलेला. तो दाराशी थांबायचा. हाक मारायचा नाही, नुसतं बघायचा, घरात माणसं किती आहेत ते. मग पुढच्या दाराशी. कधी कधी ते दार तिचं असायचं. ती जागी होई तेव्हा गालावर कागदाची घडी उमटलेली असे आणि कानात कुणाच्या तरी वहाणांचा आवाज. त्याला काय सांगायचं राहिलं होतं कोण जाणे. पण गुंडूमामाला काय सांगायचं, हा प्रश्न मात्र तिच्यापुढं जागेपणीच उभा होता. तारीख सापडली होती, पण लढाई सापडली नव्हती.

वैशाखात तो आला. पिशवीभर काजूबिया आणल्या होत्या. संयोगितानं आडपडदा न ठेवता ते पान वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्या वेळी त्याची मान हळूहळू खाली गेली.

"म्हंजे भ्याला?"

"मला वाचता येतं मामा. भ्याला का न्हाई, ते कागदात नसतं."

"दरवाज्यातला डाग?"

"त्याचं काही लिहिलेलं न्हाई."

"किल्ल्या त्येनंच दिल्या?"

"व्हय. पण पुढचं ऐका. पुढं अकरा वर्षं त्यानं..."

"नगं." तो उठला. त्यानं कागद गोळा करून फडक्यात बांधले. "मी समद्यांस्नी सांगत आलो, बाई. पलटणीत सांगितलं, सासरवाडीला सांगितलं. आमचा गोंदजी दारात पडला." दाराशी जाऊन तो थांबला, पण या वेळी वळला नाही. "तुमचं काय चुकलं न्हाय. मीच आनाय नगं हुतं."

जिन्यावरून त्याची पावलं गेली, एकसारखी, मोजून टाकल्यासारखी.

पावसाळा गेला. दसरा झाला, दिवाळी झाली. संयोगिताकडे मूळ मोडी वळणासकट स्वतः उतरवून घेतलेली नक्कल होती. ती तिनं फायलीत घालून कपाटात ठेवली होती, आणि तरी आठवड्यातून एकदा तरी काढून बघत होती. फलक लागला असेल, तिला वाटे. दगडावर कुंकू पडलं असेल. लागू दे. दीडशे वर्षांच्या गोष्टीला आता कोण काय विचारतंय?

नोव्हेंबरात दार वाजलं. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि डोळ्यात भांडण घेऊन एक बाई उभी होती.

"तुमीच का त्या? मी तानाबाई. गुंडू सरनोबताची बायकू." आत येऊन ती थेट जमिनीवरच बसली. "काय वाचून दाखवलासा वो त्येस्नी? सा म्हैनं झालं, मानूस बोलत न्हाय. सकाळी उठतंय आनि गडावर जाऊन बसतंय. दसऱ्याला संग्रामनं फलक आनला, तर ह्यो म्हनला, म्होरल्या साली लावू. कारन इचारलं तर तोंडाला कुलूप. पासष्टच्या लढाईस्नं आला तवाबी असाच झालता."

"पासष्टला काय झालं होतं?"

तानाबाईचा आवाज खाली आला. "त्येच्या हाताखाली धा मानसं हुती. कालव्याच्या पल्याड जा म्हनून हुकूम आला, ह्येनं न्हेली. सा परत आली. चौघांची नावं अजून झोपंत घेतोय. मला तोंडपाठ झाल्यात."

संयोगितानं कपाट उघडलं, फाईल काढली आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसकण मारली. अकरा वर्षांच्या पटांतल्या निवडक ओळी तिनं सुरुवातीपासून वाचल्या. नातू झाला. पेज पाठविली. बोलत नाही. खबर नाही. खबर नाही. मयत, नाव काढले नाही. तानाबाईनं पदर तोंडाला लावला होता. ती मधेच हसली, मधेच नाक ओढलं, आणि एका ठिकाणी म्हणाली, "सटवा शिपाई म्हंजे आमच्या म्हायेरचा मूळपुरुष की वो! मुका सटवा म्हनत्यात अजून." वाचून संपलं तेव्हा तिनं पदर खाली घेतला. "ह्ये त्येनं ऐकलंय?"

"पहिलं पान ऐकलं. पुढचं ऐकायच्या आत उठून गेले."

"बापय मानूस," तानाबाई म्हणाली. "पयल्या पानावरच उठनार. तुमी आमच्याकडं या. तुमच्या तोंडानं ऐकू द्या त्येस्नी. मी भाकरी थापीन, पर मला असलं वाचाय येत न्हाय."

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संयोगिता चंदगडच्या यष्टीत बसली. मुक्काम तानाबाईच्या घरी झाला. रात्री जेवताना गुंडूमामा तिच्याशी पावण्याशी बोलावं तितकंच बोलला. सकाळी मात्र तो चूळ भरून अंगणात आला, उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "वाचा. म्होरलं वाचा."

तिनं वाचलं. धुकं इतकं खाली उतरलं होतं की अंगणापलीकडचा गोठाही दिसत नव्हता. म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजायची. गुंडूमामा जमिनीकडे बघत होता. रामा बेरडाचं नाव चौथ्यांदा आलं तेव्हा त्यानं हात वर करून तिला थांबवलं, आणि स्वतःशीच चार नावं पुटपुटला. ती रांजणगडची नव्हती.

"एकसष्ट चढले, एकसष्ट उतरले," तो म्हणाला. "बाई, मला जर कुनी म्हनलं असतं, धा गेली नि धा परत आन, तर मी फिती काढून दिल्या असत्या. किल्ल्या काय घिऊन बसलासा." मग तो जोरात खाकरला. "संग्रामला बोलवा."

संग्राम तिशीचा, दाढी राखलेला, मोटारसायकलवर भगवा झेंडा लावलेला. त्यानं उभ्या उभ्या ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, हे बाहेर सांगायचं न्हाई. मंडळाची शोभा होईल. तालुक्यात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई."

"का? त्येनं काय कुनाचं घर बुडवलं?"

"लढला न्हाई तो!"

"मी लढलोय," गुंडूमामा शांतपणे म्हणाला. "तू न्हाय. तवा ह्यातलं तू मला शिकवू नगंस."

संग्राम मोटारसायकल न घेताच चालत निघून गेला. पण गावात बातमी जायला झेंडा लागत नाही. दुपारी कलत्या उन्हात गडाच्या वाटेवर माणसं जमली. धुकं विरळ होऊन झाडांच्या कमरेशी राहिलं होतं. गुंडूमामा पडक्या दरवाज्यासमोर उभा राहिला, पलटणीतला उभा राहावा तसा, आणि त्यानं गावाला सांगितलं की गोंदजी इथं पडला नाही, त्यानं किल्ल्या दिल्या आणि माणसं जिवंत खाली नेली, आणि आपण इतकी वर्षं जी गोष्ट सांगितली ती आपल्या आज्यानं सांगितलेली होती, कागदातली नव्हती. कुणीतरी मागून शीळ घातली. एकजण म्हणाला, "मग डाग कसला?" आणि दुसरा म्हणाला, "तुमीच कुकू टाकून टाकून केलाय की!" आणि लोक हसले. गुंडूमामाचे कान तांबडे झाले, पण तो जागचा हलला नाही. "बाई, वाचा," तो म्हणाला.

संयोगितानं शेवटचा पट काढला, शके १७७७ चा. "धाकनाक," तिनं वाचलं, "मयत. नाव काढले नाही."

गर्दीच्या कडेला, चिरगुटात बाळ बांधून उभ्या असलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "कोन धाकनाक? आमचा? वरल्या बुद्धवाड्यातला?"

"तोच असणार. त्या वस्तीत धाकनाक नावाचा एकटाच लिहिलाय."

"मग आमी हाय की हितं," म्हातारी म्हणाली, जणू कुणी नाही म्हणालं होतं.

त्यानंतर लोक हसले नाहीत. म्हालू गुरव म्हटल्यावर देवळाचा गुरव पुढं आला. मुक्या सटव्याला तानाबाईनं ओ दिली. काही नावांना कुणीच नव्हतं. एक घर इचलकरंजीला मागावर गेलेलं, एक मुंबईला, तीन ठाऊकच नाहीत. रामा बेरडाचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. संयोगिता थांबली. तिला क्षणभर वाटलं की धुक्यातून खाली, गोव्याच्या बाजूनं, कुणीतरी चढून येतंय. पण ते नुसतं वारं होतं.

"खबर न्हाय," गुंडूमामा म्हणाला. "म्होरलं घ्या."

एकसष्ट नावं वाचायला अर्धा तास लागला. शेवटी गोंदजीचं स्वतःचं नाव होतं. त्यानं ते सगळ्यात खाली लिहिलं होतं, अकरा वर्षांत सुधारलेल्या अक्षरात. पुढं पद लिहायचं त्या जागी 'सरनोबत' लिहून त्यानं त्यावर रेघ ओढली होती आणि नुसतं 'हजर' ठेवलं होतं.

फलकाचं पुढं पुष्कळ रामायण झालं. संग्राम वर्षभर काकाशी बोलला नाही. मंडळात दोन तट पडले. लोखंडी पत्रा देवळामागं तसाच पडून राहिला आणि त्यावर कोंबड्या बसायच्या. शेवटी २००१ साली संग्रामनंच तो घासून घेतला आणि एकसष्ट नावं रंगवून आणली, गोंदजीच्या क्रमानं, वाटेनं खाली उतरताना लागतात तशी. तसं पाहिलं तर तो काही मनानं वाईट नव्हता, त्याला लढाई हवी होती इतकंच. फलक लावताना काही लोकांनी पहिल्या नावावरून कुरबुर केली. संग्रामनं त्यांना गुंडूमामाकडे पाठवलं, आणि गुंडूमामानं त्यांना वाटेनं चालत जाऊन बघायला सांगितलं. पुढं दोन वर्षांनी मूळ कागद कोल्हापूरच्या दफ्तरात जमा झाले. संयोगिताच गुंडूमामाबरोबर गेली होती. तो झोपेत नावं घेतो का, असं तिनं तानाबाईला एकदा फोनवर विचारलं. "घेतोय की," तानाबाई म्हणाली, "पर आता सकाळी उठून त्येंच्या घरांस्नी कागद लिवतोय. दोघांचं उत्तर आलं."

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी वाचन संपल्यावर संयोगिताला परतीची यष्टी धरायची होती. ती बुद्धवाड्यावरून खाली उतरत असताना ती म्हातारी, विठाबाई, वाटेत आडवी आली. तिनं तिला हाताला धरून घरात नेलं, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली आणि समोर बसली.

"त्यो कागद दावा की जरा. आमचं नाव कुठं हाय?"

संयोगितानं दाखवलं. विठाबाईनं बोट लुगड्याला पुसलं आणि मग अक्षरावर ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, मोडी नाही की बाळबोध नाही.

"ह्ये कसं काढायचं?"

संयोगितानं परातीतलं उरलेलं पीठ पसरलं आणि त्यात 'धा' काढून दाखवला. वरची रेघ आधी, मग खाली उतरतं वळण, हात न उचलता. विठाबाईनं काढला. चुकला. तिनं तळव्यानं पीठ सारखं केलं आणि पुन्हा काढला. बाहेर पोरं ओरडत गेली की यष्टी आली, यष्टी आली. संयोगिता उठली नाही. तिनं विठाबाईचं मनगट हलकेच धरलं, आण्णा धरायचे तसं, आणि दोघी मिळून ते वळण पिठातून खाली घेऊन गेल्या.